धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट कशी मिळवावी

मोठ्या खासगी रुग्णालयाची काचेची इमारत दिसली की ‘हे आपल्या ऐपतीतलं नाही’ असं म्हणून कितीतरी लोक बाहेरूनच परत फिरतात. पण मुंबईतली लीलावती, जसलोक, हिंदुजा किंवा पुण्यातली रुबी हॉल आणि दीनानाथ मंगेशकर ही रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्थांची, म्हणजेच धर्मादाय आहेत. राज्यभरात अशी साडेचारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. धर्मादाय म्हणून संस्थेला प्राप्तिकरात सूट मिळते. अनेकांना सरकारी जमीन सवलतीच्या दरात किंवा वाढीव बांधकामाची परवानगी मिळालेली असते. त्या बदल्यात गरीब रुग्णांसाठी खाटा राखून ठेवणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथे मदत मागणारा माणूस उपकार मागत नसतो, त्यामुळे मान खाली घालून बोलायचं काहीच कारण नाही.

हे बंधन महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक मध्ये आहे. मात्र ते प्रत्यक्षात कसं पाळायचं हे मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ च्या आदेशाने मंजूर केलेल्या योजनेत ठरलं. एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के आर्थिक दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या. म्हणजे ३०० खाटांच्या रुग्णालयात ३० अधिक ३०. खर्चासाठी रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. रुग्णालयातले लोक त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. तुम्हीही तोच शब्द वापरा, समोरचा लगेच ओळखतो की तुम्हाला योजना माहीत आहे.

आधी पाहा, आपण कोणत्या गटात बसतो

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो. ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटकात. या मर्यादा पूर्वी बऱ्याच कमी होत्या आणि जुने आकडे अजूनही लोकांच्या तोंडी आहेत. कुणी ‘८५ हजारांच्या वर उत्पन्न असेल तर बसत नाही’ असं सांगितलं तर ती जुनी मर्यादा आहे, हे शांतपणे लक्षात आणून द्या.

पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका चालते. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर काम सोपं होतं. पांढरं कार्ड असेल तर दाखला हवाच. दाखल्याचा अर्ज सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतो, पण हातात पडायला काही दिवस लागतात आणि एका वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. घरात डायलिसिसचा, हृदयविकाराचा किंवा कर्करोगाचा रुग्ण असेल तर एप्रिल उजाडताच नवा दाखला काढून ठेवा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तहसील कार्यालयात रांग लावायची वेळ कुणावरही येऊ नये.

रुग्णालय धर्मादाय आहे का, हे कसं कळेल

धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर जिल्हानिहाय यादी आहे. तिथे राखीव खाटांची स्थितीही पाहता येते. रुग्णालयात गेल्यावर दर्शनी भागात योजनेचा फलक शोधा. कधी तो दर्शनी भागात असतो, कधी लिफ्टच्या मागे. नाव ‘मल्टिस्पेशालिटी’ आहे की ‘मेमोरियल’, यावरून काहीही ठरत नाही. रुग्णालय कंपनीचं असेल तर हे कलम लागू होत नाही, म्हणून यादी आधी पाहिलेली बरी.

कुणाला भेटायचं आणि काय द्यायचं

नोंदणीच्या खिडकीवर हा विषय काढून फारसा उपयोग होत नाही. तिथली मंडळी अनामत आणि खोलीचा वर्ग एवढंच विचारतात. तुम्हाला भेटायचं आहे वैद्यकीय समाजसेवकाला. योजनेनुसार रुग्णाची आर्थिक स्थिती तपासून शिफारस करण्याचं काम त्यांचं. बऱ्याच ठिकाणी त्यांचं टेबल तळमजल्यावर, बिल विभागाच्या आसपास असतं. ही माणसं बहुतेकदा मनापासून मदत करतात. त्यांच्यापर्यंत पोचणं हाच खरा अडथळा असतो.

दाखल होतानाच जा. रुग्णाला आधी दोन जणांच्या खोलीत ठेवलं, आठ दिवसांनी बिल पाहून घाम फुटला आणि मग अर्ज केला, की प्रकरण अवघड होतं. राखीव खाटा साधारणपणे जनरल वॉर्डात असतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून तोच वर्ग मागा.

तोंडी विनंतीवर थांबू नका. साध्या कागदावर एवढं लिहिलं तरी पुरे:

‘माझे वडील आपल्या रुग्णालयात आजपासून दाखल आहेत. आमच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ... रुपये आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार त्यांना निर्धन रुग्ण म्हणून राखीव खाट द्यावी ही विनंती. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्डाची प्रत सोबत जोडली आहे.’

दोन प्रती करा. एक देऊन दुसरीवर तारीख, सही आणि शिक्का घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच मजकूर रुग्णालयाच्या ईमेलवर पाठवा. पुढे तक्रार करायची वेळ आलीच, तर सगळा भार या एका कागदावर असतो.

तातडीची वेळ असेल तर

अशा वेळी कागदपत्रांसाठी थांबायचं नाही. रुग्णाला ताबडतोब दाखल करून घेणं, जीव वाचवणारे उपचार देऊन प्रकृती स्थिर करणं आणि गरज पडली तर सरकारी रुग्णालयात नेण्याची सोय करणं, हे धर्मादाय रुग्णालयाचं कर्तव्य आहे. तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागायची नाही, असं योजनेत स्पष्ट आहे. पुण्यातल्या एका महिलेच्या बाळंतपणानंतरच्या मृत्यूवरून एप्रिल २०२५ मध्ये हा अनामत रकमेचा प्रश्न राज्यभर पेटला. नियम त्याआधीही होता, पण नातेवाइकांना तो माहीत नसतो आणि अशा घाईत कुणी सांगतही नाही. घरातल्या एकाने रुग्णाजवळ थांबावं आणि दुसऱ्याने समाजसेवकाला शोधावं. ते रात्री नसतील तर ड्युटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ‘तातडीचा रुग्ण, कलम ४१ कक’ असं लेखी द्यावं.

बिल कसं वाचायचं

खरी गोची इथे होते, म्हणून हा भाग सावकाश वाचा. खाटेचं भाडं, निवासी डॉक्टरांची सेवा, परिचारिकांची शुश्रूषा, रुग्णालय देत असल्यास जेवण, चादरी-कपडे, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या आणि साफसफाई यांचे पैसे दोन्ही गटांतल्या रुग्णांना लावायचे नसतात. बाकीच्या सेवांना रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वर्गाचा दर लागतो. निर्धन रुग्णाचा हा खर्च आयपीएफमधून वळता होतो. दुर्बल घटकातल्या रुग्णाने यातलं किती भरायचं, हे समाजसेवकाला आधीच विचारून घ्या.

औषधं, शस्त्रक्रियेचं साहित्य आणि शरीरात बसवायची उपकरणं यांचा हिशेब वेगळा. ती रुग्णालयाने ज्या किमतीला विकत घेतली त्याच किमतीला लावायची असतात. पाकिटावरची छापील किंमत आणि खरेदीची किंमत यांत पुष्कळ अंतर असू शकतं. समजा, हाडाच्या शस्त्रक्रियेतली प्लेट, स्क्रू आणि औषधं खरेदीच्या किमतीने ४० हजारांची झाली. निर्धन रुग्णाला यातलं काही भरावं लागत नाही. दुर्बल घटकातल्या रुग्णाच्या वाट्याला निदान निम्मे, म्हणजे २० हजार येतात. तेच साहित्य छापील किमतीने लावलं असेल तर त्याचं ‘निम्मं’ही फुगतं. म्हणून तपशीलवार बिल मागा आणि ‘ही खरेदीची किंमत आहे ना?’ एवढं नक्की विचारा. डॉक्टरांनी आपली फी सोडली असेल तर ती बिलात दिसता कामा नये.

दुर्बल घटकातल्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट तपासावी. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल आणि तुमचा आजार त्या यादीत असेल, तर आधी ती योजना घ्या. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न देता मिळतात, औषधांच्या निम्म्या खर्चाचा भार उरत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनिसाला भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा विचार असेल तर उपचार चालू असतानाच अंदाजपत्रक घेऊन अर्ज करा. ती रक्कम थेट रुग्णालयाला जाते, एकदा भरलेले पैसे मागून परत मिळत नाहीत.

‘खाटा भरल्या’, ‘निधी संपला’ असं म्हणाले तर

दोन्ही उत्तरं खरी असू शकतात, हे मान्य करायला हवं. चांगली चालणारी काही रुग्णालयं २ टक्क्यांहून जास्त खर्च करतात. पण खरं काय, हे पाहायचा मार्ग आहे. खाटा भरल्या म्हणत असतील तर संकेतस्थळावरची त्या दिवशीची स्थिती उघडा आणि मोबाइलवर तिचा फोटो ठेवा. आयपीएफ संपला म्हणत असतील तर तो प्रश्न रुग्णालयाने देखरेख समितीपुढे न्यायचा असतो. त्या कारणाने राखीव खाट आपोआप रद्द होत नाही. नकार लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट सापडते.

तरीही झालं नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय सह आयुक्त, उपायुक्त किंवा सहायक आयुक्त यांच्या कार्यालयात तक्रार करा. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे. तक्रारीत रुग्णाचं नाव, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, कुणी काय सांगितलं आणि काय हवं आहे एवढंच लिहा. सोबत शिक्क्याचा अर्ज, उत्पन्नाचा पुरावा, खाटांच्या स्थितीचा फोटो आणि आतापर्यंतचं बिल जोडा. रुग्ण अजून दाखल असेल तर तक्रार ईमेलने पाठवून लगेच कार्यालयात फोन करा. घरी आल्यावर बिलात गडबड लक्षात आली, तरी याच कार्यालयात तक्रार करता येते. तेव्हा अंतिम बिल, भरलेल्या पैशांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती जोडा, मूळ कागद हातचे सोडू नका.