दुसऱ्या पशुवैद्यकाकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

कुत्र्याचा पाय कापावा लागेल, मांजराच्या किडन्या गेल्या, गाठ कॅन्सरची दिसते, असं काही ऐकलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "अजून एकाला दाखवू." दाखवावंच. पण रिकाम्या हाताने गेलात तर दुसऱ्या डॉक्टरला मत देण्याजोगं काही मिळत नाही. तो शून्यापासून सुरुवात करतो. पुन्हा रक्त, पुन्हा एक्स-रे, आणखी एक अँटिबायोटिक, आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. आजारी जनावराकडे तेवढे दिवस असतीलच असं नाही.

काही बाबतींत मताची वाट पाहूच नये. बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन बसतो पण लघवी होत नाही. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट ढोलासारखं फुगलंय, उमाळे येतात पण उलटी पडत नाही. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडल्यात. फिट ५ मिनिटांहून जास्त चालली. मान ताणून, तोंड उघडून मांजर श्वास घेतंय. अशा वेळी सर्वांत जवळचा उघडा दवाखाना गाठायचा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. आधी जनावर स्थिर होऊ द्या, मत नंतर घेता येतं.

कागद कसे मागायचे

पहिल्या डॉक्टरपासून लपवून जाण्यात काही फायदा नाही. "ऑपरेशनचा निर्णय मोठा आहे, एकदा पशुवैद्यकीय कॉलेजला दाखवून येतो, केस पेपर आणि रिपोर्टच्या प्रती द्याल का?" एवढं सरळ विचारलं तर बहुतेक जण देतात, काही स्वतःहून चिठ्ठीही लिहून देतात. रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेनुसार लावा, कारण एका आकड्यापेक्षा आकडा चढतोय की उतरतोय हे जास्त सांगतं. एक्स-रे डिजिटल असेल तर डायकॉम फाईल, म्हणजे मशीनमधली मूळ प्रत, पेन ड्राइव्हवर घ्या. खिडकीला फिल्म लावून काढलेल्या मोबाइल फोटोत बारीक चीर दिसत नाही. हाडाचे दोन कोनांतले एक्स-रे लागतात, एक आडवा आणि एक समोरून. एकच असेल तर दुसरा काढावा लागेल हे गृहीत धरा. बायोप्सी झाली असेल तर लॅबकडे मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या ठेवलेल्या असतात. त्याच दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात, जनावराला पुन्हा कापावं लागत नाही.

सगळ्यांत जास्त राहून जाते ती औषधांची यादी. केस पेपरवर नुसतं "इंजेक्शन दिलं" असतं. कोणतं, किती मिली, किती वाजता, हे विचारून लिहून घ्या. नाव कळत नसेल तर बाटलीचा फोटो काढा. मेलोक्झिकॅमसारखं वेदनाशामक चालू असताना दुसऱ्याने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो. घरी माणसाची गोळी दिली असेल तर तीही सांगा, लाजू नका. पॅरासिटामॉल मांजरासाठी विषच आहे आणि आयब्युप्रोफेन कुत्र्यांच्या किडनीवर जातं.

लसीकरणाचं कार्डही हवं. चाल बिघडलेल्या, लाळ गाळणाऱ्या किंवा वागणं एकदम बदललेल्या कुत्र्याला हात लावण्याआधी डॉक्टर रेबीजच्या लसीची तारीख विचारणार. लस नसेल तर अशा जनावराच्या तोंडात तुम्हीही हात घालू नका.

आणि व्हिडिओ. खोकला, फिट, लंगडणं दवाखान्याच्या टेबलावर नेमकं होत नाही. लंगडणं टिपताना कुत्र्याला अंगणात किंवा रस्त्यावर सरळ चालवा, घरातल्या टाइल्सवर नको; घसरणारा पाय लुळा वाटतो.

कोणत्या वेळी दुसरं मत सगळं बदलतं

गाठ. स्टेरॉइड सुरू होण्याआधी सुईने पेशी काढून तपासल्या का, हा पहिला प्रश्न. लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, गाठी प्रेडनिसोलोनने आक्रसतात, घरच्यांना वाटतं गुण आला, पण मग नमुन्यात रोग नीट सापडत नाही आणि पुढच्या केमोथेरपीचा परिणामही घटतो. म्हणून संशय असेल तर आधी नमुना, मग स्टेरॉइड. जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ असेल तर ती टी.व्ही.टी. असण्याची शक्यता मोठी. मोकळं फिरणाऱ्या कुत्र्यांत हा संसर्गाने पसरणारा ट्यूमर आपल्याकडे नेहमी दिसतो. काचपट्टीवर पेशी घेऊन निदान होतं, आणि आठवड्याला एक अशा व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाच्या ४ ते ६ इंजेक्शनांनी बहुतेक कुत्री बरी होतात. दर इंजेक्शनआधी रक्ताची तपासणी मात्र हवीच. ही गाठ पाहून थेट मोठं ऑपरेशन किंवा "झोपवून टाका" असा सल्ला मिळाला असेल तर दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

किडनी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. उलट्या झालेल्या कुत्र्याच्या अंगातलं पाणी एवढं कमी होतं की निव्वळ त्यानेच क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढतं. सलाईन लावण्याआधी लघवी तपासली होती का, विचारा. तिची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे घट्टपणाचा आकडा, कुत्र्यात १.०३० च्या वर, मांजरात १.०३५ च्या वर असेल तर किडनी अजून लघवी घट्ट करू शकते. सलाईननंतर घेतलेल्या नमुन्यावरून हे ठरत नाही. क्रिॲटिनिन ५ च्या वर गेलं की जुनाट किडनी विकारात चौथा, म्हणजे शेवटचा टप्पा धरतात, पण हे टप्पे अंगातलं पाणी भरून निघाल्यावर, जनावर स्थिर असताना लावायचे असतात. सलाईनचे २-३ दिवस झाल्यावरचा आकडा हातात नसताना "किडन्या संपल्या" हा निष्कर्ष घाईचा आहे.

प्लेटलेट. गोचीड तापात त्या खरोखर घसरतात, पण मशीन गुठळ्या मोजत नाही आणि मांजराच्या रक्तात गुठळ्या सहज होतात. मशीनने २० हजार दाखवले तर काचपट्टीवर नजरेने मोजणी झाली का, एवढं विचारा. गोचीड तापाची किटवरची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कधीतरी संसर्ग झाला होता. आजचा आजार त्याचाच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मणका. अपघातानंतर मागचे पाय गेले असतील तर बोट चिमट्याने जोरात दाबल्यावर कुत्रा वळून पाहतो किंवा ओरडतो का, हे महत्त्वाचं. पाय नुसता आखडणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, वेदना पोहोचल्याची खूण नव्हे. वेदनेची जाणीव गेली असेल तर तासांचा हिशेब असतो. त्याच दिवशी सर्जन गाठा. पायाच्या साध्या, कातडी न फाटलेल्या फ्रॅक्चरला पट्टी बांधून दोन-तीन दिवस विचार करता येतो. पाय कापण्याच्या सल्ल्यावर मात्र विचारा: नस मेली आहे का, रक्तपुरवठा तुटला आहे का, की प्लेट टाकण्याची सोय इथे नाही? तिसरं कारण असेल तर दुसरीकडे जा. पहिली दोन असतील तर तीन पायांवर कुत्री छान धावतात, त्याची भीती नको.

कुठे आणि कसं न्यायचं

नागपुरात पहिलं नाव सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं. १९५८ पासूनचं हे महाविद्यालय आता माफसूच्या, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, प्रसूती हे विभाग वेगळे असल्याने चिठ्ठी काढतानाच आजार सांगा. बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि सुट्ट्या आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. हे शिकवायचं ठिकाण आहे, आधी विद्यार्थी सगळी माहिती विचारतात, मग तीच प्राध्यापक विचारतात. वैतागू नका, दुसऱ्यांदा सांगताना बरेचदा विसरलेली गोष्ट आठवते. खाजगी डॉक्टर निवडताना पदवी पाहा. मोठ्या ऑपरेशनसाठी शल्यचिकित्सेतली एम.व्ही.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी असलेला बरा, आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडची नोंदणी असायलाच हवी. मुंबईला न्यायचा विचार असेल तर आधी फाईल पाठवून तिथलं मत घ्या. समृद्धी महामार्गाने गेलं तरी आठेक तास लागतात, आणि श्वास लागलेल्या जनावराला तो प्रवासच जड जाईल.

सोनोग्राफीसाठी ८ ते १२ तास उपाशी ठेवा, पाणी चालेल. पण पिल्लू असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशी ठेवू नका, फोन करून विचारा. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा, बंद गाडीत पाच मिनिटंही एकटं सोडू नका, पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मुळीच नाही. मणक्याला मार असेल तर प्लायवूडच्या फळीवर आडवं करून खांदा आणि कंबर ओढणीने बांधा. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून तोंडाला बँडेज गुंडाळा. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र ते बांधू नका.

दोन मतं जुळली नाहीत तर

"कोण बरोबर?" विचारून काही मिळत नाही. दोघांनाही एकच विचारा: कोणत्या तपासणीने हे नक्की ठरेल, आणि तिचा निकाल उलटा आला तर उपचार बदलेल का? बदलणार नसेल तर ती तपासणी करू नका. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात भूल, भरती आणि ऑपरेशननंतरच्या पट्ट्या धरल्यात का तेही पाहा. त्यानंतर उपचार एकाच डॉक्टरकडे ठेवा. दोन चिठ्ठ्यांवरची औषधं मिसळून देणं हा सर्वांत वाईट पर्याय.

दोन्हीकडून "आता त्रास वाढवू नका" असं उत्तर आलं तरी निर्णय त्याच संध्याकाळी घ्यायची सक्ती नसते, फक्त वेदनाशामक व्यवस्थित चालू हवं. चार-पाच दिवस वहीत रोज लिहा: स्वतःहून खाल्लं का, उठून जागा बदलली का, लघवी-शी कुठे झाली, झोपेत मिनिटाला श्वास किती. झोपेतला श्वास सतत ३० च्या वर जात असेल तर ती वही घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.