कोकणात छोटं घर बांधताना ठेकेदाराशी काम कसं जमवायचं

तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांचं घर म्हणजे ठेकेदाराच्या लेखी मधल्या वेळेत उरकायचं काम. मोठा बंगला हाती आला की तुमच्याकडचे गवंडी ‘चार दिवस’ तिकडे जातात, आणि त्या चार दिवसांची किंमत जूनमध्ये कळते. मालक मुंबईत आणि काम गावात असेल तर जास्तच. त्यामुळे घर लहान म्हणून तोंडी बोलण्यावर भागवू नका.

दर ठरवण्याआधी मापं

बाहेरून 20 बाय 16 फुटांचं घर धरा. ठेकेदाराच्या मापात ते 320 चौरस फूट. नऊ इंची चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) भिंती वजा केल्या की आत 18 फूट 6 इंच बाय 14 फूट 6 इंच, म्हणजे 268 चौरस फूट उरतात. आतून प्लास्टर केलं तर आणखी कमी. छपराचं गणित उलटं. झड अडवायला चारही बाजूंनी अडीच फूट छप्पर बाहेर काढलं आणि उतार 30 अंश ठेवला की दोन पाख्यांचं, म्हणजे दोन्ही उतारांचं, क्षेत्रफळ 600 च्या वर जातं. ‘फुटाला इतके’ या एका आकड्यावर सुपारी फोडली की छप्पर त्यात आहे की नाही, पडवी पूर्ण धरायची की अर्धी, जोत्याची उंची किती, यावरून पुढे वाद ठरलेला.

छोट्या घराचा फुटाचा दर मोठ्यापेक्षा जास्तच येतो, त्यात फसवणूक नाही. संडास-बाथरूम, स्वयंपाकाचा ओटा, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी हे सगळं 320 फुटांच्या घरालाही लागतं आणि 900 फुटांच्या घरालाही. उलट जो ठेकेदार संशय यावा इतका कमी दर देतो, तो सळई आणि सिमेंटमधून वसूल करतो.

काम मजुरीवर द्यायचं की मटेरियलसकट? रोज साइटवर उभं राहणारं घरचं माणूस असेल तरच मजुरीवर. नाहीतर मटेरियलसकट द्या, पण सिमेंट, सळई, वायर, नळ यांची कंपनी आणि प्रकार करारात लिहा. ‘चांगल्या प्रतीचं’ या शब्दांना काही अर्थ नसतो. पाणी, वीज, खोदाईत कातळ लागला तर फोडण्याचा खर्च, चिरे रस्त्यापासून आत वाहण्याची मजुरी, राडारोडा उचलणं हे कोणाकडे, तेही लिहा. वाद सहसा याच बारीक कलमांवरून होतात.

कॅलेंडर उलटं मांडा

छप्पर 30 एप्रिलला पुरं, इथून मागे मोजत या. भिंती मार्चअखेर, जोतं डिसेंबरअखेर. पावसात चिरेखाणी बंद असतात आणि त्या सुरू झाल्या की सगळ्यांना एकदम चिरे हवे असतात, म्हणून खाणीवाल्याशी बोलणं गणपतीतच उरका. मार्चमध्ये शिमग्याला स्थानिक माणूस कामावर येत नाही. तो येईल असं धरून वेळापत्रक आखणं हा आखणाऱ्याचाच दोष. त्यानंतर आंबा-काजूच्या हंगामात मजूर आणि टेंपो दोन्ही महाग. बाहेरगावचे गवंडी असतील तर ते घरी कधी जाणार, हे आधीच विचारा.

पैसे टप्प्याने

एक चालणारी वाटणी: सुरुवातीला 10 टक्के, जोतं झाल्यावर 20, लिंटलपर्यंत (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) भिंती 20, छप्पर 20, प्लास्टर-वायरिंग-नळ 10, फरशी-दारं-रंग 10. उरलेले 10 टक्के पहिल्या पावसात दिसलेली ओल बुजवून झाल्यावर. हा शेवटचा हप्ता करारातच लिहा, नंतर मागितलात तर भांडण होतं. दर आठवड्याला ‘मजुरांना उचल द्यायची आहे’ म्हणून पैसे मागितले जातील. द्यायचे तर चालू टप्प्याच्या रकमेतूनच द्या आणि वहीत सही घ्या.

जोत्यावर चुन्याने घर आखा

भराव सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुमसाने ठोकून झाला पाहिजे. एकदम दोन फूट माती ओतली तर ती पहिल्या पावसाळ्यात बसते आणि वरची फरशी पोकळ वाजायला लागते.

जोतं तयार झालं की भिंती उभ्या करण्याआधी त्यावर चुन्याने खऱ्या मापात सगळं आखून घ्या: पलंग, दोन फुटी ओटा, फ्रिज, कमोड, दाराच्या पाकळीचा पूर्ण घेर. मग त्यात चालून बघा. कागदावर न दिसलेली गोष्ट इथे दिसते: बाथरूमचं दार उघडलं की ओट्यापुढे उभं राहता येत नाही. चुन्याची रेघ फुकट पुसता येते; चिऱ्यात दोनदा खाच मारायला ग्राइंडर, धूळ आणि गवंड्याचा एक दिवस जातो. स्विचबोर्डच्या जागाही याच दिवशी ठरवा, निदान बोर्ड दाराआड जात नाहीत.

चिरे उतरवताना समोर उभे राहा. पिवळ्या मातीने भरलेली मोठी भोकं असतील तो चिरा बाजूला काढा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवेवर कडक होतो, म्हणून आल्या आल्या भिंतीत घालण्याची घाई नको.

खारी हवा आणि काँक्रीट

किनाऱ्यावर घराचा शत्रू मीठ. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राच्या हवेत उघड्या असलेल्या आरसीसीला (सळई घातलेल्या काँक्रीटला) किमान एम 30 ताकदीचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. पाणी जास्तीत जास्त सिमेंटच्या वजनाच्या 0.45 पट, म्हणजे 50 किलोच्या गोणीमागे साडेबावीस लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. गवंड्याला माल आमटीसारखा पातळ आवडतो, कारण तो आपोआप पसरतो. हे जादा पाणी उडून गेलं की मागे बारीक छिद्रं राहतात, त्यातून मीठ सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. घट्ट माल बसवायला व्हायब्रेटर लागतो. तो करारात असू दे.

कव्हरसाठी सळईखाली खडी सरकवतात, ती चालवून घेऊ नका. सिमेंटचे कव्हर ब्लॉक आधीच पाडून ठेवायला सांगा. खाडीची वाळू आरसीसीत नको, क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) घ्या. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते काँक्रीटला वापरू नका, टँकर परवडतो. पाणी मारणं साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, मिश्र (फ्लाय ॲश किंवा स्लॅग मिसळलेल्या) सिमेंटला निदान 10 दिवस. शनिवारी स्लॅब टाकून रविवारी गडी सुट्टीवर, हे नेहमीचं, तेव्हा पाण्याचा माणूस नावानिशी ठरवा.

छप्पर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत कितीतरी छपरं उचलली. वारा छपराला खालून उचलतो, म्हणून कैच्या (छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे) नुसत्या भिंतीवर टेकवून भागत नाही. वरच्या आरसीसी पट्ट्यात काँक्रीट ओतण्याआधीच बोल्ट सोडून ठेवा. नंतर भोक पाडून बसवलेला बोल्ट तितका धरत नाही.

लोखंडी पाइपच्या कैच्या असतील तर पाइपची तोंडं पत्रा वेल्ड करून बंद करा, नाहीतर पाइप आतून गंजतो आणि बाहेरून रंग छान दिसत राहतो. प्रायमरचे दोन हात पाइप जमिनीवर असतानाच. रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या) बसल्यावर त्यांच्याखाली ब्रश जात नाही.

मंगलोरी कौलं 100 चौरस फुटांना सुमारे 140 लागतात. 600 फुटांच्या छपराला साडेआठशे, वर कोने (आढ्यावरची कौलं) वेगळे, आणि पन्नासेक जादा घ्या. वानर कोणाचं ऐकत नाहीत. रिपांचं अंतर ठरावीक आकड्यावर मारू देऊ नका. तुमच्याकडे आलेल्या कौलांतली दहा-बारा जमिनीवर एकात एक जोडून मधलं अंतर मोजा आणि त्याप्रमाणे रिपा मारा. भट्टीप्रमाणे माप थोडं बदलतं. अर्ध्या इंचाची चूक वर आढ्यापर्यंत वाढत जाते आणि शेवटची ओळ बसत नाही.

बदल वहीत

‘तेवढं करून टाका’ हे साइटवरचं सगळ्यात महाग वाक्य. एक खिडकी सरकवायची असली तरी काम थांबवून तारीख, बदल, वाढीव रक्कम आणि दोघांच्या सह्या वहीत घ्या. पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर. लांब राहत असाल तर रोज संध्याकाळी एकाच कोपऱ्यातून फोटो मागा, सळईच्या कामाचा मात्र टेप लावून.

बाथरूमची फरशी बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर 48 तास पाणी साठवून ठेवा आणि पातळी खुणेने तपासा. उतार फुटाला पाव इंच. शोषखड्डा विहिरीपासून निदान 60 फूट लांब. कारण जांभा पाणी झिरपू देतो.

जूनमध्ये पहिली जोराची झड येईल तेव्हा ठेकेदाराला बोलावून घ्या आणि दोघं आत उभे राहा. नैऋत्येकडची भिंत, खिडक्यांचे खालचे कोपरे, छप्पर भिंतीला मिळतं ती रेघ इथे ओल दिसते. दिसेल तिथे खडूने गोल करा, शेजारी तारीख घाला, फोटो काढा. पाऊस उघडला की ते गोल एकेक करून बुजवायचे आणि शेवटचा पुसला गेला की राहिलेले 10 टक्के द्यायचे.