क्लब पासिंगमधल्या या चुका टाळा (आणि ज्याच्या हातून पडला त्याला आधी बोलू नका)

पासिंग करताना, म्हणजे दोघं समोरासमोर उभे राहून जगलिंगचे क्लब (बाटलीसारखे लांबट दांडे) एकमेकांकडे फेकताना, क्लब पडला की सगळे पकडणाऱ्याकडे बघतात. खरं तर गडबड बऱ्याचदा दोन थ्रो आधीच झालेली असते, फेकणाऱ्याचा सेल्फ (स्वतःकडेच टाकलेला थ्रो) तिरका गेला, तो सावरायला हात पुढे आला, आणि मग पास घाईत सुटला. त्यामुळे 6 क्लबचा फोर-काउंट (दर चौथा थ्रो पास) बसत नसेल तर आधी दोघांनीही आपापले 3 क्लब एका उंचीवर, पार्टनरच्या तोंडाकडे बघत करा. मोठ्याने मोजा, पास-सेल्फ-सेल्फ-सेल्फ, लाजू नका, शिवाजी पार्कात तसंही कोणी ना कोणी ओरडतच असतं.

मनगट झटकू नका. क्लब जास्त फिरतो आणि समोरच्याच्या हातात हँडलऐवजी जाडा भाग येतो. हात खालून मागे नेऊन झोपाळ्यासारखा पुढे येऊ द्या आणि सोडा, बाकी फिरायचं ते क्लब बघून घेतो. नेम छातीवर नको, उजव्या हाताचा पास पार्टनरच्या डाव्या खांद्याच्या जरा बाहेर.

जुहूला संध्याकाळी करत असाल तर एकाने समुद्राकडे तोंड करून उभं राहू नका, त्याच्या डोळ्यात मावळतीचा सूर्य आणि तोंडावर वारा. किनाऱ्याला समांतर उभे राहा, वारा बाजूने लागेल पण दोघांना सारखाच. मधून जाणाऱ्या काकांसाठी मात्र थांबावंच लागतं.

आता नवीन पॅटर्न बनवायची खाज. चार हातांच्या साइटस्वॅपमध्ये (पॅटर्न आकड्यांत लिहायची पद्धत) दोघं आलटून पालटून फेकतात, प्रत्येक थ्रो म्हणजे एक बीट, आकडा म्हणजे तो क्लब किती बीटनंतर उतरतो, विषम आकडा म्हणजे पास, सम म्हणजे स्वतःकडे, आणि सगळ्या आकड्यांची सरासरी म्हणजे एकूण क्लब. लोक सरासरी जमली की थेट मैदानात उतरतात, तिथेच घोळ. 786 ची सरासरी 7 आणि 876 ची पण 7, पण 876 चालतच नाही: पहिल्या बीटचा 8 नवव्या बीटला उतरतो आणि दुसऱ्या बीटचा 7 पण नवव्यालाच, म्हणजे एकाच हातात दोन क्लब. लगेच पुढचा आकडा एकने कमी असला की ही टक्कर ठरलेलीच, हे कागदावर दोन मिनिटांत दिसतं, मैदानात अर्धा तास भांडण होतं.

786 मध्ये पण एक फसगत आहे. दोघंही आपापल्या हाताने 7, 8, 6 फेकायला लागतात! अरे, एकाआड एक आकडा आपला, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला 7, 6, 8 येतं: पास, सिंगल (हवेत एकदा फिरणारा) सेल्फ, मग त्याच हातात परत येणारा डबल (दोनदा फिरणारा). दोघांनी उजव्या हाताने सुरुवात केली तर पहिला फेकणारा सरळ पास करतो (उजव्यातून समोरच्याच्या डाव्या हातात) आणि दुसरा तिरका (उजव्यातून उजव्यात), त्यामुळे दोघंही सरळ टाकायला लागले तर कितीही प्रॅक्टिस करा, बसणार नाही. सुरुवात 4 क्लबवाल्याने करायची, 3 वाल्याने एक बीट थांबून.

पावसाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये डबल उडवणार असाल तर आधी छताचा पंखा बंद करा. नुसता स्लो नाही, बंद.