हेल्थचा कोर्स सुरू व्हायच्या आधी अॅनाटॉमी-फिजिओलॉजीची उजळणी कशी करायची

नर्सिंग असो, पॅरामेडिक असो की फिजिओ, कोर्सला महिना-दीड महिना राहिला की सगळे जाडजूड पुस्तक काढून पान 1 पासून वाचायला बसतात आणि हाडांच्या चॅप्टरलाच दमतात. तसं नका करू. आधी पुस्तक मिटूनच ठेवा, कोरा कागद घ्या आणि हृदयाच्या उजव्या एट्रियममधलं (वरच्या कप्प्यातलं) रक्त फुफ्फुसात जाऊन, डाव्या बाजूला येऊन, शरीरभर फिरून परत तिथेच कसं येतं ते झडपांसकट काढून बघा. जिथे पेन अडकेल तिथे खूण करा, तुमची उजळणी तिथून सुरू होते.

मग शब्द घ्या, कारण निम्मी भीती शब्दांचीच असते. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, टॅकी वेगवान, ब्रॅडी मंद, नेफ्रो आलं की किडनी, हेपॅटो आलं की लिव्हर, शेवटी आयटिस असेल तर दाह. असे चाळीस-पन्नास तुकडे पक्के झाले की नवीन शब्दही फोडून वाचता येतो. यातच दिशा पण करून टाका. माणूस सरळ उभा, तळवे पुढे, आणि उजवं-डावं नेहमी पेशंटचं, आपलं नाही! स्पेलिंगकडे पण लक्ष असू द्या, इलियम (ilium) नावाचं कमरेचं हाड आहे आणि इलियम (ileum) नावाचाच लहान आतड्याचा शेवटचा भाग आहे, फरक फक्त एका अक्षराचा.

पेशीवर एक दिवस पुरतो. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त, एवढं डोक्यात बसलं तरी नर्व्ह, स्नायू आणि हृदयाचे ठोके पुढे सोपे जातात.

खरा वेळ द्यायचा तो सिस्टिम एकमेकींशी जोडायला. मला विचाराल तर एकच प्रसंग घ्या, समजा एखाद्याचं बरंच रक्त गेलंय. प्रेशर पडायला लागतं, मानेतल्या कॅरॉटिड धमनीतले आणि एऑर्टाच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) कमानीतले सेन्सर ते ओळखतात, मेंदूकडून सिग्नल जातो, हृदय जोरात धावायला लागतं, कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून हातपाय गार आणि फिकट पडतात, तिकडे किडनी रेनिन सोडते, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन येतात, आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं म्हणून लघवी कमी होते. बघा, हृदय, नर्व्ह, हार्मोन, किडनी सगळं एका गोष्टीत आलं. किडन्या दिवसाला रक्तातून साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, बाकीचं परत घेतलं जातं, हे माहीत असलं की 'धरून ठेवतं' म्हणजे काय ते नीट कळतं. अशीच गोष्ट जेवणानंतरच्या साखरेची आणि इन्सुलिनची बनवा, मग धावल्यावर वाढणाऱ्या श्वासाची.

206 हाडांची नावं रोज थोडी थोडी, स्वतःच्या अंगावर बोट ठेवून. नाडी पण स्वतःचीच बघा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून, अंगठ्याने नाही कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. मानेवर बघायची असेल तर एकाच बाजूला, हलक्या हाताने. बसून मोजा, जिना चढून या आणि परत मोजा. मोठ्या माणसात आरामात असताना नाडी मिनिटाला 60 ते 100 आणि श्वास 12 ते 20, हे आकडे आत्ताच तोंडपाठ हवेत, पुढे रोज लागणार आहेत.

रोज 40 मिनिटं बास, पण त्यातली शेवटची 10 पुस्तक मिटून मोठ्याने समजावून सांगायची, समोर कोणी नसलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी नवीन काही उघडायच्या आधी कालचं कागदावर काढायचं. आणि तो पहिल्या दिवसाचा हृदयाचा कागद फेकू नका, दर आठवड्याला नवीन कागदावर तेच चित्र काढून त्याच्या शेजारी ठेवा, खुणा कुठे कमी झाल्या ते लगेच दिसतं आणि जिथे अजून अडतंय ते कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात सरांना-मॅडमना विचारून घ्या.