ब्लॉक डायग्राम वाचताना या चुका टाळा: गोलातली फुली म्हणजे बेरीज नव्हे

एका पोरानं जुन्या रेडिओचा ब्लॉक डायग्राम, म्हणजे कोणता भाग कोणाला जोडलाय ते चौकोन-रेघांत दाखवणारी आकृती, माझ्यासमोर धरला, गोलातल्या फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "सर, इथं दोन सिग्नलची बेरीज होऊन राहिली ना?"

नाही रे बाबा. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता रागही येत नाही.

रेडिओच्या आकृतीत गोलातली × ही मिक्सरची खूण, आणि मिक्सर गुणाकार करतो. आपलं आकाशवाणी नागपूरच घ्या. ५८५ किलोहर्ट्झ लावलं की ४५५ आयएफच्या (आयएफ म्हणजे सेटच्या आतली ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) सेटमध्ये लोकल ऑसिलेटर, म्हणजे सेटमध्येच सिग्नल तयार करणारा भाग, १०४० वर चालतो. मिक्सरमधून ४५५ आणि १६२५ अशा दोन नव्या फ्रिक्वेन्सी निघतात, त्यातली ४५५ तेवढी आयएफ फिल्टर पुढे सोडतो. नुसती बेरीज केली असती, तर ५८५ आणि १०४० एकाच तारेवर शेजारी बसून राहिले असते. नवं काहीच तयार झालं नसतं.

घोळ असा की कंट्रोल सिस्टिमच्या आकृत्यांत बेरजेच्या गोलातही कधीकधी तिरकी फुली असते. तिथं बाणांपाशी + किंवा − शोधा. ती चिन्हं असली तर बेरीज-वजाबाकी; ~ असलेला ऑसिलेटर येऊन मिळत असला तर मिक्सर. आकार पाहून निकाल देऊ नका, आत आणि आजूबाजूला काय लिहिलंय ते बघा.

दुसरी चूक उन्हाळ्यात हमखास दिसते, कारण मे महिन्यात नागपुरात घरोघरचे इन्व्हर्टर दुरुस्तीला निघतात. चौकोनात तिरकी रेघ, एका बाजूला =, दुसऱ्या बाजूला ~. त्यातला = म्हणजे 'बरोबर' नव्हे, डीसी. ~ म्हणजे एसी. = कडून ~ कडे सिग्नल जात असेल तर इन्व्हर्टर, उलट असेल तर रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा, चार्जरमधला भाग. बाण न पाहता वाचलं तर चार्जर आणि इन्व्हर्टरची अदलाबदल होते.

त्रिकोण म्हणजे अॅम्प्लिफायर, टोकाकडून आउटपुट. ऑप-अॅम्पच्या (दोन इनपुटांच्या अॅम्प्लिफायरच्या) त्रिकोणातले + आणि − पाहून त्यांना बॅटरी जोडणारेही भेटले आहेत! ते नॉन-इन्व्हर्टिंग (सिग्नल सरळ ठेवणारं) आणि इन्व्हर्टिंग (उलटा करणारं) इनपुट आहेत. फिल्टरच्या चौकोनात तीन लहरी एकावर एक असतात, खोडलेली लहर अडवली जाते. वरच्या दोन खोडल्या की लो-पास, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी तेवढी सोडणारा. रेघेवर तिरका छेद आणि ८ असेल तर तिथं आठ तारा आहेत.

आणि सप्लाय? तो बहुतेकदा दाखवतच नाहीत. म्हणून आकृतीतली प्रत्येक रेघ बोर्डावर शोधत मल्टीमीटर फिरवू नका; रेघ सिग्नल कुठून कुठं जातो ते सांगते.

त्या पोराचा रेडिओ घरघरत होता, स्टेशन एकही नव्हतं. म्हणजे ऑडिओचे चौकोन जिवंत. मग दुसरा चालू रेडिओ शेजारी ठेवून १०४० वर लावला आणि बिघडलेल्या सेटचा काटा ५८५ च्या आसपास फिरवून पाहिला. ऑसिलेटर चालू असता तर दुसऱ्या रेडिओची खरखर एका जागी दबली असती, नाहीतर शिट्टी आली असती. काहीच झालं नाही. मी ऑसिलेटरच्या ~ वाल्या चौकोनावर बोट ठेवलं, पोरानं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवली.