घरच्या पीसीला कोणतं अँटी-स्पायवेअर ठेवायचं, आणि कुणाचं ऐकायचं

घरात कंप्युटर आला की सल्ले फुकटात येतात बगा. लातूरला क्लासला असलेला भाचा म्हणतो विंडोजसोबत येणारं डिफेंडर बास झालं, महा ई-सेवा केंद्रवाला म्हणतो पेड टाका, आणि विंडोज एक्सपीच्या काळात एमएस-सीआयटी केलेले काका अजून स्पायबॉट हे जुनं अँटी-स्पायवेअरच टाक म्हणून मागं लागतात. आता यात येडं कुणीच नाही, प्रत्येकाचं मत त्याच्या त्याच्या वर्षाचं आहे एवढंच. म्हणून कुणी काही टाक म्हणलं की आधी विचारायचं, तू हे शेवटचं कधी वापरलंस?

काकांचंच घ्या. त्या काळात बरेच अँटीव्हायरस व्हायरस पकडायचे पण टूलबार, पॉपअप, हेरगिरीचं सामान म्हणजे स्पायवेअर सोडून द्यायचे. त्यामुळं अॅड-अवेअर आणि स्पायबॉट दोन्ही फुकट टाकायचे, एकाच्या हातून सुटलं तर दुसऱ्याला सापडेल, हे तेव्हा बरोबरच होतं. पण स्कॅन झाला की "२०० धोके सापडले" असं यायचं ना, त्यात बऱ्याचदा निम्म्याहून जास्त नुसत्या ट्रॅकिंग कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरमधे ठेवलेल्या माग काढायच्या छोट्या फायली, असायच्या, आणि लोक मात्र जे जास्त आकडा दाखवेल त्यालाच भारी म्हणायचे. स्पायबॉटचं पहारा देणारं टीटायमर तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, काही हललं की विचारायचं, परवानगी देऊ का नको, आणि माणसं कंटाळून सगळ्यालाच हो म्हणायची, मग त्या विचारण्याला अर्थ काय राहिला. याच आकड्याच्या नादाचा फायदा घेऊन स्पायशेरीफ, विनफिक्सर असले नकली निघाले, खोटे धोके दाखवायचे आणि काढायला पैसे मागायचे. तेव्हापासून लोकांचा असल्या सॉफ्टवेअरवरच विश्वास उडाला.

डिफेंडरची गोष्ट उलटी. मायक्रोसॉफ्टनं डिसेंबर २००४ ला जायंट नावाची कंपनी घेतली, तिच्या सॉफ्टवेअरवरून २००६ ला विंडोज डिफेंडर आलं, पण ते फक्त स्पायवेअर बघायचं. २०१२ ला विंडोज ८ मधे ते पूर्ण अँटीव्हायरस झालं, तरी सुरुवातीला टेस्टमधे मार्क कमीच, आणि २०१९ च्या सुमाराला जर्मनीच्या एव्ही-टेस्ट लॅबमधे पूर्ण मार्क. म्हणजे "डिफेंडर काही कामाचं नाही" हे २०१३ चं मत आज कुणी ऐकवलं तर हसून सोडून द्यायचं. उलटंही होतं बरं का, चांगलं नाव असलेलं बिघडतं. अवास्ट या अँटीव्हायरसवाल्यांच्या जंपशॉट कंपनीनं लोकांचं ब्राउझिंग विकलं, ती २०२० ला बंद केली आणि २०२४ ला अमेरिकेत १ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड बसला. ज्याला हेरगिरी अडवायला ठेवलं त्याच्याच घरातून हे! म्हणून मालक बदलला का, फुकट असेल तर कमाई कुठून, एवढं तरी बघा. "टॉप टेन" वाल्या याद्यांत बऱ्याचदा लिंकवर कमिशन असतं, त्यापेक्षा एव्ही-टेस्ट नाहीतर एव्ही-कंपॅरेटिव्हज या तपासणी लॅबचा ताजा निकाल बघितलेला बरा.

आता काम. कंट्रोल पॅनेलमधे जाऊन बघा किती अँटीव्हायरस बसलेत, चोवीस तास जागं राहणारं एकच ठेवा, बाकी काढा. दोन असले की एकमेकांच्या फायली तपासत बसतात आणि पीसी लय स्लो चालायलंय म्हणून तुम्ही रॅमला शिव्या देता. लॅपटॉपसोबत आलेली ट्रायल संपून पडली असेल तर ती पण काढा आणि डिफेंडर खरंच चालू झालं का ते विंडोज सिक्युरिटीत बघा. पेड घेतलंय, क्विक हील असो का दुसरं, आणि ते अपडेट होतंय, तर राहू द्या, घाईनं काढायची गरज नाही.

मग त्याच विंडोज सिक्युरिटीत अॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन, त्यात पोटेन्शियली अनवाँटेड अॅप ब्लॉकिंग चालू करा. ही सेटिंग बऱ्याच जणांना माहीतच नसते आणि टूलबार-छाप कचरा हीच अडवते.

शंका असेल तर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन मारा. पीसी रिस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात, म्हणून लाईट जायच्या टायमाला करू नका, इन्व्हर्टर असेल तर बात वेगळी. दुसरं मत पाहिजे तर मालवेअरबाइट्सचं फुकटवालं, ट्रायल संपल्यावर ते नुसतं सांगितल्यावर स्कॅन करतं, तेवढंच पाहिजे आपल्याला. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर पण चालतं, फक्त दहा दिवसांनी ते बाद होतं, परत नवं उतरवायचं.

एवढं करूनही कोपऱ्यात "तुमचा पीसी धोक्यात" येतच असेल तर बऱ्याचदा ते स्पायवेअर नसतंच, निकाल नाहीतर हॉल तिकीट बघताना कुठल्या तरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते. क्रोमच्या साइट सेटिंग्जमधे नोटिफिकेशन्स उघडा आणि अनोळखी नावं उडवा. एक्स्टेन्शन्स पण बघून घ्या.

कृतीदेव फॉन्ट शोधताना हिरव्या मोठ्या डाऊनलोड बटनावर क्लिक करू नका, आणि ऑफिस अॅक्टिव्हेट करायला जे सॉफ्टवेअर म्हणतं "आधी अँटीव्हायरस बंद करा", ते तिथंच सोडा. विंडोज १० वाल्यांनी एक ध्यानात घ्या, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. डिफेंडरचे अपडेट येत राहतात म्हणून बेफिकीर राहू नका, खुद्द विंडोजची भोकं त्यानं बुजत नाहीत.

आणि बँकेतून पैसे गेलेच असतील तर स्कॅन नंतर. आधी नेट तोडा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा, पासवर्ड दुसऱ्या मोबाईलवरून बदला, त्या पीसीवरून नाही.