सोलापूरहून ऑनलाइन विक्री : मंचाचे शुल्क, पार्सलचा खर्च आणि विक्रीकिमतीचा हिशेब

ऑनलाइन बाजारात उतरू पाहणारा सोलापुरातील चादर-टॉवेलचा व्यापारी पहिला प्रश्न विचारतो तो कमिशनचा. काही वर्षांपूर्वी तो प्रश्न योग्यच होता. आता मात्र चित्र बदलले आहे. मीशो या ऑनलाइन विक्रीमंचाने २०२१ मध्ये शून्य कमिशनचे धोरण आणले, अॅमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांखालील अनेक प्रकारच्या वस्तूंवरील रेफरल शुल्क (म्हणजे तेथील कमिशन) काढून टाकले आणि फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये १,००० रुपयांखालील वस्तूंसाठी शून्य कमिशन जाहीर केले. तरीही महिनाअखेर बँकेत जमा होणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमीच भरते, कारण आपल्या गावचा माल वजनदार आणि फुगीर आहे. चादरीच्या विक्रीत पैसा जातो तो मुख्यतः वाहतुकीवर आणि परत येणाऱ्या पार्सलांवर. म्हणून हिशेबाची सुरुवात टक्क्यांपासून न करता वजनकाटा आणि मोजपट्टीपासून करावी.

कुरिअर कंपन्या पार्सलची दोन वजने काढतात. एक काट्यावरचे खरे वजन आणि दुसरे घनफळावरून काढलेले वजन. या दोहोंपैकी जे जास्त असेल त्यावर आकारणी होते. घनफळाचे वजन काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला ५,००० ने भागावे. उत्तर किलोमध्ये येते. समजा, एक चादर वेष्टनासह १ किलो ४०० ग्रॅम भरते आणि ती ४० × ३२ × ८ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली. गुणाकार १०,२४० येतो, म्हणजे घनफळाचे वजन सुमारे २ किलो ५० ग्रॅम. आकारणी ५०० ग्रॅमच्या टप्प्यांनी होत असेल, तर हे पार्सल अडीच किलोच्या टप्प्यात जाऊन बसते आणि आपण १ किलो १०० ग्रॅम हवेचे भाडे भरतो. तीच चादर घट्ट घडी करून, हवा काढून, जाड कुरिअर-पिशवीत ३६ × ३० × ६ सेंटिमीटर एवढ्या आकारात बसवली, तर घनफळाचे वजन १ किलो ३०० ग्रॅमच्या आत राहते, खरे वजन लागू होते आणि पार्सल दीड किलोच्या टप्प्यात मोजले जाते. चादर काही काचेची नाही. तिला खोक्याची गरज नसते. पावसाळ्यासाठी आत एक प्लॅस्टिकची पिशवी आणि बाहेर फाडल्यास कळेल अशी बंद पिशवी एवढे पुरते. टर्किश टॉवेलच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण त्याचे वजन कमी असले तरी फुगवटा मोठा असतो.

टप्प्यांची रचना प्रत्येक मंचावर निराळी असते. काही ठिकाणी पहिले ५०० ग्रॅम, मग एक किलोपर्यंत, आणि त्यापुढे किलोकिलोने दर वाढतो. म्हणून मंचावरील विक्रेत्याच्या खात्यातून रेट कार्ड (दरपत्रक) उतरवून घ्यावे, ते कोणत्या तारखेपासून लागू आहे हे पाहावे आणि प्रत्येक वस्तूचे वेष्टनासह वजन व माप त्याच्या शेजारी लिहून ठेवावे. एखादी वस्तू टप्प्याच्या सीमेपासून ३०-४० ग्रॅमनेच पुढे जात असेल, तर आतला जाड पुठ्ठा काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

यानंतर अंतराचा विचार करावा. बहुतेक मंच स्थानिक, विभागीय आणि राष्ट्रीय असे तीन दर ठेवतात. येथे सोलापूरच्या भूगोलाचा एक गमतीदार तोटा आहे. कलबुर्गी आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आणि हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ. परंतु ज्या मंचावर पश्चिम आणि दक्षिण असे विभाग पाडलेले असतील, तेथे नागपूरचे पार्सल विभागीय दराने जाते आणि कलबुर्गीच्या पार्सलला राष्ट्रीय दर लागू शकतो. टपाल खात्याच्या स्पीड पोस्टचे दर मात्र किलोमीटरच्या अंतरावर ठरतात, त्यामुळे कलबुर्गी २०० किलोमीटरच्या आतील टप्प्यात येते. ज्यांचे कर्नाटक-तेलंगणातील ग्राहक फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर थेट मागणी नोंदवतात, त्यांनी अशी पार्सले टपालाने पाठवण्याचा हिशेब जरूर करून पाहावा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे दर बदलले, तेव्हा जुन्या पावत्यांवरून अंदाज बांधू नये. दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो हेही धरावे.

आता मंच जी कपात करतो तिच्याकडे वळू. तिचे साधारण चार भाग असतात : विक्रीकिमतीच्या टक्केवारीत आकारले जाणारे कमिशन, किमतीच्या पट्ट्यानुसार ठरलेले प्रत्येक ऑर्डरमागचे स्थिर शुल्क, वाहतूक, आणि या तिन्हींवर १८ टक्के जीएसटी. कमिशन बहुधा जीएसटीसह असलेल्या विक्रीकिमतीवर लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

उदाहरणादाखल आकडे धरून चालू. ते कोणत्याही मंचाचे दर नसून केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. चादर ग्राहकाला ९०० रुपयांना विकली. त्यात ५ टक्के जीएसटी समाविष्ट आहे, म्हणजे करपूर्व किंमत सुमारे ८५७ रुपये. कमिशन ८ टक्के धरले तर ७२ रुपये, स्थिर शुल्क ३० रुपये, दीड किलोची वाहतूक १२० रुपये. एकूण २२२ रुपये आणि त्यावर जीएसटी सुमारे ४० रुपये. हा ४० रुपयांचा कर नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला इनपुट क्रेडिट (भरावयाच्या करातून मिळणारी वजावट) म्हणून मिळतो, म्हणून नफ्याच्या हिशेबात तो तूर्त बाजूला ठेवू. ८५७ मधून २२२ वजा करून ६३५ उरतात. कारखानदाराकडून चादर करपूर्व ४८० रुपयांना घेतली आणि वेष्टनाला १५ रुपये लागले, तर नफा १४० रुपये दिसतो.

दिसतो असे म्हणण्याचे कारण परतावा. दहा पार्सले पाठवली आणि त्यांपैकी दोन परत आली असे धरू. कोणत्या परताव्याचे भाडे विक्रेत्यावर पडते, याचे नियम मंचानुसार वेगळे आहेत. ग्राहकाने न स्वीकारलेले पार्सल आणि स्वीकारून नंतर परत केलेले पार्सल यांतही बहुतेक ठिकाणी फरक करतात, आणि रेट कार्डाचा हा भाग विक्रेते सर्वांत कमी वाचतात. वाईटात वाईट धरून जाण्याचे १२०, येण्याचे १२० आणि वाया गेलेल्या वेष्टनाचे १५ मिळून एका परताव्याचा खर्च २५५ रुपये, दोन परताव्यांचा ५१०. विकल्या गेलेल्या आठ चादरींचा नफा १,१२० रुपये. त्यातून ५१० गेले की ६१० उरतात. म्हणजे प्रत्येक विकल्या गेलेल्या चादरीमागे १४० ऐवजी सुमारे ७६ रुपये. परत आलेली चादर मळलेली किंवा दोरे निघालेली असेल, तर तिची घट वेगळीच.

परतावा पूर्ण थांबवता येत नाही, कमी मात्र करता येतो. चादरीची लांबी-रुंदी इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, आणि पहिल्या धुण्यात रंग थोडा जातो का, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढावे, कारण दुकानातील पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी रंग भलताच दिसतो आणि ग्राहक तेच कारण सांगून माल परत करतो. पैसे घरपोच घेण्याच्या पर्यायात न स्वीकारलेल्या पार्सलांचे प्रमाण साधारणतः जास्त असते. जेथे मंच परवानगी देतो, तेथे वारंवार पार्सले परत येणाऱ्या पिनकोडांसाठी तो पर्याय बंद ठेवावा.

किंमत ठरवताना हाच हिशेब उलट दिशेने मांडावा. चादर ४८०, वेष्टन १५, स्थिर शुल्क ३०, वाहतूक १२०, परताव्याची तरतूद ६४ (वरचे ५१० भागिले विकलेल्या ८ चादरी) आणि अपेक्षित नफा १२० यांची बेरीज ८२९ होते. किमतीच्या प्रत्येक रुपयातून ५ टक्के जीएसटी बाजूला काढल्यावर ९५ पैसे आणि ८ टक्के कमिशन गेल्यावर सुमारे ८७ पैसे हाती राहतात. म्हणून ८२९ ला ०.८७२४ ने भागावे. उत्तर ९५० रुपये येते. शेजारच्या विक्रेत्याची किंमत पाहून ८५० लावायची आणि मग वर्षअखेर नफा कुठे गेला ते शोधत बसायचे, यापेक्षा हे बरे. इतरत्र विणलेल्या चादरीही सोलापुरी म्हणून ऑनलाइन खपवल्या जातात. त्यांच्या किमतीशी बरोबरी करण्याच्या फंदात पडू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालेले आहे, आणि आपला माल खरोखर येथील यंत्रमागावरचा असेल तर ते वर्णनात ठळकपणे लिहिणे अधिक फायद्याचे.

किमतीच्या सीमारेषांकडेही लक्ष द्यावे. १,००० रुपयांखाली कमिशन शून्य आणि त्यावर ८ टक्के असेल, तर ९९० ची चादर १,०५० ला लावून करपूर्व ५७ रुपये जास्त मिळतात, पण कमिशनचे ८४ रुपये जातात. किंमत वाढवून विक्रेता २७ रुपयांनी खाली येतो. अशी दुसरी सीमा कराची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या चादरी-टॉवेलवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे.

दोन चादरींचा जोड विकणे हा खर्च कमी करण्याचा चांगला मार्ग आहे, कारण वाहतुकीचा पहिला टप्पा सर्वांत महाग असतो आणि स्थिर शुल्क एकदाच लागते. शेंगाचटणी विकणाऱ्यांनी मात्र जोड करताना काटा जवळ ठेवावा. २५० ग्रॅमची दोन पाकिटे वेष्टनासह ५०० ग्रॅमच्या पुढे जातात आणि पुढचा टप्पा लागतो. २०० ग्रॅमच्या दोन पाकिटांचा जोड त्याच पहिल्या टप्प्यात बसतो. एकच २०० ग्रॅमचे पाकीट पाठवणे जवळपास कधीच परवडत नाही. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयची (अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना लागतो, हे वेगळे सांगायला नको.

जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून मंचावर माल विकता येतो, पण उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत, म्हणजे महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख रुपयांच्या आत असावी लागते, जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री राज्याबाहेर करता येत नाही. सोलापूरकराला ही अट जाचक आहे, कारण राज्याची सीमाच तासाभराच्या अंतरावर आहे. शिवाय शुल्कावरील १८ टक्के कर त्याला परत मिळत नाही, तो खर्चातच धरावा लागतो. नोंदणीकृत विक्रेत्याचीही एक अडचण आहे : विक्रीवर ५ टक्के कर आणि मंचाच्या सेवांवर १८ टक्के, त्यामुळे क्रेडिट खात्यावर साचत जाते, आणि उलट्या कररचनेसाठी (विक्रीपेक्षा खरेदीवरील कराचा दर जास्त असतो तेव्हा) सरकारकडून मिळणाऱ्या कर-परताव्यात सेवांवरील क्रेडिट धरले जात नाही. आपल्या उदाहरणात चादरीच्या खरेदीवरील २४ आणि शुल्कावरील ४० मिळून ६४ रुपयांचे क्रेडिट, तर भरावयाचा कर ४३. नगामागे २१ रुपये पडून राहतात. ज्यांची दुकानातील घाऊक विक्री चांगली आहे, त्यांचे हे क्रेडिट तेथील करात वापरले जाते. केवळ ऑनलाइन विकणाऱ्याने ते हाताशी रोख म्हणून धरू नये.

वजनाचे वाद हा या धंद्यातील नित्याचा भाग आहे. कुरिअरच्या केंद्रात पार्सल पुन्हा मोजले जाते आणि तफावत निघाली तर जादा आकारणी थेट हिशेबातून कापली जाते. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या मालाचे बंद पार्सल काट्यावर ठेवून, आकडा व लेबल दोन्ही दिसतील असे छायाचित्र घ्यावे, आणि मोजपट्टी लावून तिन्ही बाजूंची छायाचित्रे वेगळी ठेवावीत. तक्रारीची मुदत थोडी असते, म्हणून आठवड्यातून एकदा जादा वजनाच्या नोंदी तपासाव्यात. परत आलेले पार्सल उघडताना अखंड चित्रफीत काढावी. आत दुसराच माल निघाला तर अॅमेझॉनवर सेफ-टी हा भरपाईचा दावा आणि फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंडाचा दावा करताना तोच पुरावा कामी येतो.

महिन्याच्या शेवटी मंचाचा सेटलमेंट अहवाल (ऑर्डरवार जमा-कपातीचा हिशेब) उतरवून ऑर्डर क्रमांकानुसार बँकेच्या जमेशी ताडून पाहावा. त्यात दोन बारीक कपाती दिसतील. करपूर्व विक्रीवर ०.५ टक्के टीसीएस (मंचाने स्रोतावर वसूल केलेला कर) जीएसटी कायद्याखाली कापला जातो. १० जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे, आणि पॅन दिलेल्या वैयक्तिक विक्रेत्याची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असल्यास तो कापला जात नाही. ९०० रुपयांच्या चादरीवर दोन्ही मिळून पाच रुपयांच्या आसपास जातात. हे पैसे आपलेच आहेत : टीसीएसची नोंद जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला स्वीकारल्यावर ती रक्कम रोख खातेवहीत येते, आणि टीडीएस आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.